काखोटीला मारता येणारा माणूस : फायबरच्या पुतळ्यांची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका फजितीने करतो.

मध्यंतरी एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या दाराशी नऊवारी नेसलेली, नाकात नथ, हात जोडून उभी असलेली एक बाई. गर्दीत माझा धक्का तिला लागला आणि मी पटकन म्हणालो, "सॉरी हं ताई." ताई डुलल्या आणि बाजूच्या भालदारावर जाऊन टेकल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. डेकोरेशनवाल्यांचा सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा आला, त्यानं ताईंना कमरेत धरून काखोटीला मारलं आणि परत जागेवर नेऊन उभं केलं. एका हातानं. दुसऱ्या हातात त्याचा मोबाईल होता.

माझी बायको अजून हसते त्यावर. पण माझ्या डोक्यात तो एक हात राहिला. साडेपाच फुटांचा माणूस तुम्ही एका हातानं कसा काय उचलता?

साधा हिशोब करून बघा. तेवढ्याच उंचीची मूर्ती भरीव दगडाची असती, तर वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास गेलं असतं. ती उचलायला चार माणसं, पहार आणि दोरखंड लागले असते. फायबरची मूर्ती आतून पोकळ असते. तीन-चार मिलिमीटरची साल तेवढी खरी. वजन भरतं दहा-पंधरा किलो, म्हणजे गव्हाच्या अर्ध्या पोत्यापेक्षाही कमी. म्हणूनच ती आज या लग्नात, उद्या त्या हॉटेलात आणि परवा कुणाच्या तरी बंगल्याच्या दिवाणखान्यात उभी राहू शकते.

माणसाची प्रतिमा इतकी हलकी कधी झाली, कशी झाली आणि ती हलकी करताना भार नेमका कुणावर पडला, ही आजची गोष्ट.

काचेचा झगा

सुरुवात करू अमेरिकेतून. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. हो, तेच वर्ष आणि तेच निमित्त, ज्यात विवेकानंदांचं भाषण झालं. त्याच प्रदर्शनात एडवर्ड लिबी नावाच्या काचकारखानदारानं एक अजब वस्तू मांडली होती : काचेचे धागे आणि रेशीम एकत्र विणून केलेला बायकांचा झगा. जॉर्जिया केव्हन ही अभिनेत्री त्यामुळे चर्चेत आली. झगा दिसायला झकास होता, पण काचेचंच कापड ते, घडी घालायची सोय नाही. लोकांनी पाहिलं, आश्चर्य केलं आणि विसरून गेले.

पुढचं पाऊल पडायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. तेही चुकून. १९३२ साली ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीत डेल क्लाईस्ट नावाचा एक तरुण संशोधक काचेच्या दोन विटा एकमेकींना जोडायच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर दाबाच्या हवेचा झोत बसला आणि काचेचे बारीक धागे उडाले. त्याला हवा होता जोड, मिळाला कापूस. त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांनी त्यातलं मोल ओळखलं, पद्धत पक्की केली आणि १९३८ मध्ये ओवेन्स-इलिनॉय व कॉर्निंग या दोन काच कंपन्यांनी मिळून 'ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास' ही नवी कंपनी काढली.

पण नुसता धागा म्हणजे पुतळा नव्हे. धागा घट्ट धरून ठेवायला काहीतरी चिकट हवं. ते काम केलं पॉलिस्टर रेझिननं. हे रेझिन मधासारखं दाट आणि वाहतं असतं. त्यात हार्डनर घातला की थोड्या वेळात ते तापतं आणि कायमचं घट्ट होतं. कायमचं म्हणजे कायमचंच, परत वितळत नाही. आपल्याकडे भिंतीच्या मातीत तूस, भुसा कालवतात ना, तीच युक्ती. माती एकटी तडकते, भुसा एकटा उडून जातो, दोघं मिळून भिंत उभी राहते. इथे मातीच्या जागी रेझिन आणि भुशाच्या जागी काच.

लढाईतून दिवाणखान्यात

दुसऱ्या महायुद्धात या जोडीला पहिलं मोठं काम मिळालं. विमानाच्या रडारवर टोपी हवी होती. धातूची टोपी रडारच्या लहरी अडवते. फायबरग्लासची टोपी त्यांना आरपार जाऊ देते. हलकी आणि मजबूत तर ती होतीच.

युद्ध संपलं. कारखाने होते, कारागीर होते, माल होता. करायचं काय?

कॅलिफोर्नियात झेनिथ प्लास्टिक्स नावाची एक कंपनी होती. तिनं युद्धात या रडारच्या टोप्या बनवल्या होत्या. चार्ल्स आणि रे ईम्स हे नवरा-बायको डिझायनर तेव्हा स्वस्त खुर्चीच्या शोधात होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९४८ मध्ये कमी खर्चाच्या फर्निचरची स्पर्धा ठेवली होती आणि त्यांनी तिच्यात पत्र्याची खुर्ची मांडली होती. पत्रा महाग पडला. मग झेनिथबरोबर बसून त्यांनी तीच खुर्ची फायबरग्लासमध्ये उतरवली आणि १९५० पासून ती हर्मन मिलर कंपनीतर्फे बाजारात आली. बसणाऱ्याच्या अंगाला धरून वळलेली, एकसंध, नि रंगात जवळून पाहिलं तर काचेचे धागे दिसणारी. आपल्याशी या जोडप्याचं एक नातं आहे. १९५८ मध्ये भारत सरकारसाठी त्यांनी 'इंडिया रिपोर्ट' लिहिला आणि त्यातूनच पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली.

आता बघा, खुर्ची म्हणजे काय? माणसाच्या पाठीचा आणि मांडीचा साचाच की. घरात आधी माणसाच्या आकाराची पोकळी आली, माणूस नंतर आला.

तो आला दुकानांच्या काचेमागून. त्याआधीचे दुकानातले पुतळे मेणाचे असत. जड इतके की हलवायला माणसं लागत आणि उन्हाळ्यात किंवा दिव्यांच्या उष्णतेनं त्यांचे चेहरे पाघळत. फायबरग्लासनं ही कटकट मिटवली. लंडनमध्ये ॲडेल रूटस्टाईन या बाईंनी तर खऱ्याखुऱ्या माणसांवरून पुतळे करायला सुरुवात केली. १९६६ मध्ये त्यांनी ट्विगी या मॉडेलचा पुतळा काढला. काटकुळी अंगकाठी, लांबच लांब पाय. आता पुतळा 'कुठल्यातरी बाईचा' राहिला नाही, एका विशिष्ट बाईचा झाला, आणि साच्यातून तिच्या पाहिजे तेवढ्या प्रती निघू लागल्या.

बाईचं टेबल

इथे गोष्ट जरा अवघड वळण घेते.

१९६९ मध्ये ॲलन जोन्स या ब्रिटिश चित्रकारानं तीन वस्तू तयार केल्या. नावं साधी : 'टोप्यांचा स्टँड', 'टेबल' आणि 'खुर्ची'. पण टेबल म्हणजे हातापायांवर ओणवी झालेली एक पूर्णाकृती स्त्री, पाठीवर काचेची फळी घेतलेली. खुर्ची म्हणजे पाठीवर पडून पाय छातीशी घेतलेली स्त्री, आणि बसायची उशी तिच्या मांड्यांवर. तिसरी हात पसरून उभी, टोप्या अडकवायला. तिघींच्या अंगावर कपडे नावापुरते.

या मूर्ती जोन्सनं स्वतःच्या हातानं घडवल्या नाहीत. त्याच्या सांगण्यावरून डिक बीच या व्यावसायिक शिल्पकारानं मातीत घडवल्या आणि दुकानांचे पुतळे बनवणाऱ्या कंपनीनं त्या फायबरग्लासमध्ये ओतल्या. म्हणजे तंत्र तेच, हात तेच. दुकानातली बाई कपडे दाखवण्यासाठी उभी होती, इथे तिला फर्निचर केलं गेलं.

१९७० मध्ये प्रदर्शन झालं आणि गदारोळ उठला. स्त्रीमुक्तीची चळवळ तेव्हा ब्रिटनमध्ये जोर धरत होती. लॉरा मल्व्ही या अभ्यासक बाईंनी १९७३ मध्ये जोन्सच्या कामावर सणसणीत लेख लिहिला. १९८६ साली, ८ मार्चला, म्हणजे महिलादिनी, लंडनच्या टेट गॅलरीत कुणीतरी त्या 'खुर्ची'वर रसायन ओतून तिचा चेहरा विद्रूप केला. जोन्स यांचं म्हणणं कायम हेच राहिलं की शिल्पाच्या ठरीव भाषेला धक्का द्यायचा होता, बाईला कमी लेखायचं नव्हतं.

दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकनं आपल्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९७१) या सिनेमासाठी जोन्सला विचारलं होतं. मोबदल्यावरून जमलं नाही. मग लिझ मूर या शिल्पकार बाईंनी सिनेमातल्या त्या दुधाच्या बारमधल्या टेबल झालेल्या बायका घडवल्या. या लिझ मूर म्हणजे '२००१ : अ स्पेस ओडिसी'मधलं ते तरंगणारं बाळ घडवणाऱ्या.

आणि जोन्सच्या मूळ मूर्ती? त्यांचा एक संच गुंटर झाक्स या जर्मन धनिकाकडे होता. स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झ या बर्फातल्या श्रीमंत गावी, एका हॉटेलच्या मनोऱ्यात त्याचं घर होतं. त्या घराच्या सजावटीत हे फर्निचर होतं. झाक्सच्या निधनानंतर २०१२ मध्ये लंडनमध्ये लिलाव झाला, तेव्हा या तीन वस्तूंना मिळून सुमारे २६ लाख पौंड आले.

सेंट मॉरिट्झ हे नाव लक्षात ठेवा. आपल्याला तिथे परत यायचंय.

पहारेकरी

त्याच काळात अमेरिकेत ड्यूएन हॅन्सन नावाचा शिल्पकार अगदी उलट दिशेनं चालला होता. जन्म १९२५, मिनेसोटातला. पन्नासच्या दशकात तो जर्मनीत शिक्षकी करत होता, तिथे एका कलाकारानं त्याला पॉलिस्टर आणि फायबरग्लासची ओळख करून दिली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं खऱ्या माणसांच्या अंगावरून साचे घ्यायला सुरुवात केली. पण माणसं कुठली? ज्यांचे पुतळे कुणी उभारत नाही ती. केसांना रोलर लावून ट्रॉली ढकलणारी बाई (१९६९). गळ्यात कॅमेरे अडकवून वर बघत उभं असलेलं म्हातारं जोडपं (१९७०). सफाई कामगार, रंगारी, हमाल. एकेक केस लावायचा, कातडीवरच्या निळ्या शिरा रंगवायच्या, अंगावर वापरलेले कपडे चढवायचे.

१९७५ चा त्याचा 'म्युझियम गार्ड' कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात आहे. संग्रहालयाच्या पहारेकऱ्याचा पुतळा, संग्रहालयातच उभा. आता सांगा, तिथे गेलेला माणूस त्याला स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारल्याशिवाय राहील का? मी कार्यालयात जे केलं ते तिथे होऊ नये तरच नवल. पण हॅन्सनला नुसती फसवणूक करायची नव्हती. एरवी ज्याच्याकडे आपण बघत नाही, अशा माणसाकडे बघायला तो भाग पाडतो. पुतळा आहे हे कळलं की आपण थांबतो, निरखतो. जिवंत पहारेकऱ्यासमोर आपण कधी थांबलोय?

१९९६ मध्ये हॅन्सन गेला. वय ७०. कर्करोगानं. आयुष्यभर रेझिनच्या वाफांत काम केल्याशी त्याच्या आजाराचा संबंध जोडला जातो.

सेंट मॉरिट्झ, पुन्हा

आणि आता निकी द सेंट फाल. जन्म १९३०, फ्रान्समधला, वाढली न्यूयॉर्कमध्ये. १९६५ पासून तिनं 'नाना' नावाच्या बायका करायला घेतल्या. जाडजूड, रंगीबेरंगी, नाचणाऱ्या, कुणाला न जुमानणाऱ्या. आधी त्या तार, लोकर, कापड, कागदाच्या लगद्याच्या होत्या. पण उन्हापावसात टिकायच्या तर पॉलिस्टर हवं. मग ती त्याकडे वळली. १९७४ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात तिच्या तीन नाना उभ्या राहिल्या तेव्हा लोकांनी विरोध केला. आज त्याच शहराची ओळख आहेत. जोन्सची बाई फळी पाठीवर घेऊन ओणवी आहे, निकीची बाई एका पायावर नाचते आहे. साहित्य एकच. म्हणजे दोष साहित्याचा नव्हे, हे पक्कं.

पण साहित्य निर्दोष होतं का?

त्याच १९७४ मध्ये निकीच्या फुप्फुसात गळू झाला. पॉलिस्टरच्या वाफा आणि धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली होती. दवाखान्यातून सुटल्यावर ती हवापालटासाठी गेली सेंट मॉरिट्झला. म्हणजे बघा, सत्तरच्या दशकात त्या एकाच डोंगरी गावात एका मनोऱ्यात फायबरची बाई टेबल बनून बसली होती आणि त्याच गावच्या हवेत फायबरनं पोखरलेली एक बाई श्वास परत मिळवत होती. तिथेच तिला जुनी मैत्रीण भेटली आणि इटलीतल्या 'टॅरो गार्डन'चं बीज पडलं.

निकीनं काम सोडलं नाही. १९९७ मध्ये झुरिकच्या मुख्य रेल्वे स्टेशनच्या छताला तिनं एक देवदूत टांगला. निळीजांभळी, सोनेरी पंखांची बाई. उंची ११ मीटर, वजन सव्वा टनाच्या आसपास. खालून रोज हजारो लोक गाड्या पकडायला धावतात. इतकी मोठी आकृती छताला टांगायचं धाडस दगडात कोण करेल? २००२ मध्ये निकी गेली. श्वास निकामी होऊन.

आपल्या दाराशी

आपल्याकडे पूर्णाकृती बाईची एक फार सुंदर मूर्ती घडली होती १८९६ मध्ये. जे. जे. कला शाळेतला विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यानं प्लास्टरमध्ये केलेली 'मंदिरपथगामिनी'. देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी. मला वाटतं, कार्यालयाच्या दाराशी उभ्या असलेल्या ताई तिच्याच दूरच्या नात्यातल्या. फक्त म्हात्र्यांची पूजेला निघाली होती, या पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या आहेत.

आणि फायबर म्हणजे फक्त डेकोरेशन असंही नाही. १९५६ साली जन्मलेले, बडोद्यात शिकलेले जी. रविंदर रेड्डी हे शिल्पकार फायबरग्लासमध्येच आंध्र-तेलंगणाच्या साध्यासुध्या बायकांचे भव्य चेहरे करतात. सोनेरी वर्ख, टपोरे डोळे, अंबाड्यात फुलं. बाजारात शेजारी बसलेली बाई एकदम देवीसारखी समोर येते.

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये फायबरचे पुतळे बनतात. त्या लग्नानंतर मी मुद्दाम गेलो. मावळे, भालदार, विठ्ठल, हात नसलेली एक बाई, धड नसलेला एक हत्ती. काम असं चालतं : आधी मातीची मूर्ती, तिच्यावरून साचा. साच्याला आतून मेण, म्हणजे माल चिकटत नाही. मग जेलकोटचा थर, त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट, त्यावर ब्रशनं रेझिन. बुडबुडे दाबून काढायचे. असे दोन-तीन थर. घट्ट झालं की साचा सोडवायचा, पुढची नि मागची बाजू जोडायची, सांधा घासायचा, पुट्टी, रंग. शेवटी नथ.

घासणारा कारागीर होता पंचेचाळिशीचा. हाताला खोबरेल चोपडलेलं, कारण काचेची बारीक कूस कातडीत शिरली की रात्रभर खाज सुटते. नाकातोंडावर पंचा. शेडमध्ये शिरल्या शिरल्या माझं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, "दादा, एवढा वास कसा सहन करता?"

ते म्हणाले, "कसला वास? मला आता येतच नाही."

मंडळी, ते वाक्य मी घरी घेऊन आलो. वास येत नाही, म्हणजे वास गेला असं नाही. नाक थकलं. तो वास असतो स्टायरीनचा, रेझिन पातळ ठेवणाऱ्या द्रव्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१८ मध्ये स्टायरीनला 'माणसात बहुधा कर्करोग निर्माण करणारं' या गटात टाकलं. पंचा धूळ थोडीफार अडवतो, वाफ अजिबात नाही. तिला कोळशाच्या गाळणीचा मास्क लागतो, आणि वारा बाहेर खेचणारा पंखा. दोन्ही बाजारात मिळतात. चंद्रावरून आणायच्या वस्तू नाहीत.

आणि बदल होऊ शकतो, याचा दाखलाही याच गोष्टीत आहे. ईम्सची ती फायबरग्लासची खुर्ची कंपनीनं पुढे पर्यावरणाच्या कारणानं बंद केली. २००१ मध्ये ती वेगळ्या प्लास्टिकमध्ये आणली आणि २०१३ मध्ये नव्या, कमी घातक पद्धतीनं फायबरग्लासमध्ये परत आणली. म्हणजे मनात आलं की मार्ग निघतो. फक्त ती खुर्ची नावाजलेली होती, तिच्यामागे विचारणारे होते. कार्यालयाच्या दारातल्या ताईंबद्दल कोण विचारतं?

तर विचारा. घरात, हॉटेलात, सोसायटीच्या दाराशी फायबरची मूर्ती घ्यायची असेल तर भाव करताना एक प्रश्न जास्तीचा विचारा : "घासणाऱ्या माणसाला मास्क आहे का? शेडमध्ये पंखा आहे का?" दुकानदार पहिल्यांदा चमकेल. दहाव्यांदा विचारल्यावर कदाचित पंखा बसवेल.

मी त्या शेडमध्ये दोन मास्क देऊन आलो. दादांनी एक लावून पाहिला, आरशात बघितलं आणि म्हणाले, "हत्तीसारखा दिसतोय की मी." आम्ही दोघंही हसलो. पुढच्या खेपेला गेलो की तो मास्क तोंडावर असेल की खिळ्याला, ते तुम्हाला सांगेनच.

तोवर, कुठल्या दाराशी ताईंना धक्का लागला तर खुशाल "सॉरी" म्हणा. त्यांना नाही, तर त्यांना घडवणाऱ्याला तरी ते पोचतं असं समजू.

भेटू पुढच्या भागात.